नवं 'महाभारत' मनाला का भिडत नाही? संकलनाच्या टेबलावरून उत्तर

प्रश्न असा आहे: लहानपणी रविवारी सकाळी दूरदर्शनवर पाहिलेल्या 'महाभारता'ची नंतरची रूपं पाहायला बसलं की दोन भागांत मन उडतं. पैसा जास्त, कॅमेरे चांगले, सेट भव्य, तरी असं का? 'जंगल बुक'च्या नव्या मालिकेचंही तेच झालं. हा आमच्या वयाचा परिणाम, की खरंच काही बिघडलेलं असतं? आणि असेल तर ते सामान्य प्रेक्षकाला ओळखता येईल का?

दोन्ही आहे, आणि दोन्ही वेगळं काढता येतं. पण मालिकेतला खरा बिघाड आपण नटांत, मुकुटांत किंवा ग्राफिक्समध्ये शोधत बसतो, आणि तो बहुतेक वेळा वेळेच्या बांधणीत असतो. गोष्ट किती मिनिटांनी श्वास घेते, किती वेळा अडवली जाते, एका चेहऱ्यावर किती सेकंद थांबते, हा तिचा ठेका. लहानपणी तो आपल्याला कळत नव्हता, पण अंगात भिनला तो हाच. रीमेक करणारे पात्रं घेतात, प्रसंग घेतात, कधी शीर्षकगीताची चालही घेतात, आणि ठेका मात्र आजच्या वाहिनीच्या वेळापत्रकाचा लावतात. कान लगेच ओळखतो, फक्त त्याला सांगता येत नाही.

आधी साधा हिशोब करू. बी. आर. चोप्रांचं 'महाभारत' २ ऑक्टोबर १९८८ ला सुरू झालं आणि २४ जून १९९० ला संपलं. भाग ९४, आठवड्याला एक, प्रत्येक साधारण पाऊण तासाचा. स्टार प्लसवरचं 'महाभारत' १६ सप्टेंबर २०१३ ते १६ ऑगस्ट २०१४ असं चाललं. भाग २६७, रोजचे, जाहिराती वजा करून प्रत्येकी वीस-बावीस मिनिटांचे. मधे २००८ साली नाइनएक्स वाहिनीवर 'कहानी हमारे महाभारत की' आली आणि त्याच वर्षी अर्ध्यावर थांबली, तिचं मूल्यमापन इथे बाजूला ठेवतो.

९४ भाग गुणिले ४५ मिनिटं म्हणजे सुमारे ७० तास. २६७ गुणिले २० म्हणजे सुमारे ८९ तास. फरक सव्वापटीचा. 'नव्या मालिकेत पाणी घालून वाढवलं' ही तक्रार सर्रास ऐकू येते, पण एवढ्या मोठ्या कथेला १९ तास जास्त मिळाले तर त्यात गैर काही नाही. लांबी हे दुखणं नाहीच. दुखणं पुढच्या आकड्यात आहे.

रोजच्या मालिकेच्या अर्ध्या तासाच्या स्लॉटमध्ये दोन ते तीन ब्रेक असतात. नियमाने तासाला १२ मिनिटं जाहिराती आणि वाहिनीच्या स्वतःच्या झलका दाखवता येतात. प्रत्येक ब्रेकच्या आधी प्रेक्षकाने रिमोटला हात लावू नये म्हणून एक 'हुक' लागतो: कुणीतरी दचकतं, दार उघडतं, तलवार उपसली जाते. भागाच्या शेवटी सगळ्यात मोठा हुक. म्हणजे भागाला तीन ते चार. २६७ भागांचे झाले आठशे ते हजार हुक. जुन्या मालिकेच्या काळात दूरदर्शनवर जाहिराती मुख्यतः कार्यक्रमाच्या आधी-नंतर लागायच्या. शीर्षकगीत सुरू झालं की प्रसंग आपल्या चालीने शेवटापर्यंत जायचा. तिथे लेखकाला हमखास उंचावावा लागणारा बिंदू भागाला एक, म्हणजे ९४.

लांबी सव्वापट आणि हुक जवळजवळ दहापट. महाभारतात खरे कडेलोटाचे प्रसंग आहेत किती? लाक्षागृह, स्वयंवर, द्यूतसभा, शिष्टाई, अभिमन्यू, कर्णाचा रथ, असे मोजत गेलात तर मोठे-छोटे मिळून साठ-सत्तर भरतील. उरलेल्या शेकडो ठिकाणी संकट नसताना संकटाचा आवाज काढावा लागतो. कुंतीने पाण्याचा घडा उचलला तरी नगारा वाजतो. द्यूतसभेपर्यंत पोहोचेस्तो प्रेक्षकाने तोच नगारा दोनशे वेळा ऐकलेला असतो, आणि जिथे तो खरा हवा तिथे त्याला किंमत उरत नाही. ही तक्रार शब्दांत मांडता येत नाही म्हणून लोक म्हणतात, "जुन्यात भाव होता." त्यांचं म्हणणं बरोबर आहे, कारण मात्र नटांच्या कुवतीत नसतं.

आता हे टेबलावर कसं घडतं ते जवळून पाहा. समजा सभेत कुणीतरी एक जळजळीत वाक्य उच्चारलं आणि भीष्मांनी मान खाली घातली. लिहिलेला प्रसंग एवढाच. साप्ताहिक मालिकेचा संकलक काय करेल? वाक्य बोलणाऱ्यावर पूर्ण ठेवेल, शेवटच्या शब्दानंतर अर्धा-एक सेकंद तिथेच थांबेल, मग भीष्मांवर जाईल आणि मान खाली जाण्याची पूर्ण क्रिया चार-पाच सेकंद दाखवेल. पुढचं वाक्य त्याच शॉटवर बाहेरून ऐकू येईल. एकूण बारा-तेरा सेकंद आणि तीन कट.

रोजच्या मालिकेत तोच प्रसंग कापताना संकलकाच्या हातात दोन अडचणी असतात. पहिली, भाग दीड मिनिटाने कमी पडतोय. दुसरी, सभेत आठ महत्त्वाची पात्रं बसलेली आहेत आणि त्या सगळ्यांच्या 'रिॲक्शन' शूट करून आल्या आहेत. मग वाक्य पूर्ण होतं आणि एकेक चेहरा येतो: दुर्योधन, शकुनी, विदुर, द्रोण, कर्ण, धृतराष्ट्र, पुन्हा शकुनी, मग भीष्म. प्रत्येकी अडीच सेकंद धरले तर एका वाक्यामागे वीस सेकंद. असं भागात चारदा केलं की दीड मिनिट भरून निघतं. तरी कमी पडलं तर भीष्मांच्या मान खाली घालण्याचा शॉट अर्ध्या गतीवर टाकायचा, म्हणजे चार सेकंदांचे आठ होतात. इथे आणखी एक घोटाळा होतो. शॉट सेकंदाला २५ चौकटींनी (फ्रेम) घेतलेला असेल तर अर्ध्या गतीला लागणाऱ्या जास्तीच्या चौकटी त्यात नसतात. सॉफ्टवेअर प्रत्येक चौकट दोनदा दाखवतं किंवा दोन चौकटी मिसळून मधली तयार करतं. हालचाल अडखळते, नाहीतर कडा फराटल्यासारख्या दिसतात. खऱ्या संथगतीसाठी सेटवरच ५० चौकटींनी शूट करावं लागतं, आणि तो निर्णय घेताना भाग किती कमी पडेल हे कुणालाच माहीत नसतं.

नुकसान दुहेरी होतं. एक तर वाक्याचा घाव भीष्मांवर बसायच्या आधी सहा माणसांनी वाटून घेतला. शिवाय 'आता काय वाटून घ्यायचं' हे सहा चेहऱ्यांनी आपल्याला सांगून टाकलं, त्यामुळे आपल्याला स्वतःहून वाटायला जागाच राहिली नाही. जुन्या मालिकेतही झूम होते, प्रतिक्रिया होत्या, काही वेळा अति होत्या, हे मान्य. पण त्या वेळ भरण्यासाठी टाकलेल्या नव्हत्या, आणि संकलनात ते दिसतंच.

याचा दोष संकलकावर किंवा दिग्दर्शकावर ढकलणं मात्र अन्याय होईल. पाऊण तासाचा एक भाग करायला आठवडा मिळतो तेव्हा लेखन, तालीम, चित्रण, संकलन आणि संगीत यांना आपापला दिवस मिळतो. रोजच्या मालिकेत आठवड्याला पाच भाग, म्हणजे शंभर मिनिटं मजकूर, दुपटीहून जास्त. 'बँक', म्हणजे आगाऊ तयार भागांचा साठा, सुरुवातीला बरा असतो. नटाचं आजारपण, पाऊस, वाहिनीने सांगितलेले बदल यांत तो आटतो आणि मग आज शूट, उद्या प्रक्षेपण अशी वेळ येते. पहिले वीस-पंचवीस भाग देखणे आणि नंतर घसरण, असं बहुतेक रीमेकचं होतं ते याच कारणाने. पहिल्या भागांवर महिनोन्‌महिने काम झालेलं असतं, शंभराव्या भागाला तास मोजून मिळतात. रीमेकचं खरं रूप पाहायचं असेल तर पहिला भाग कधीच प्रमाण मानू नका, साठ-सत्तराव्या क्रमांकाचा एखादा भाग काढा.

कथनाचा आवाज ही दुसरी मोठी गोष्ट. राही मासूम रझांनी लिहिलेल्या १९८८ च्या मालिकेत अवकाशात फिरणारं चक्र आणि हरीश भिमाणींचा आवाज: गोष्ट सांगतोय तो 'समय'. आपल्याला आठवतो तो त्या आवाजाचा भारदस्तपणा. पण संकलनाच्या दृष्टीने 'समय' हे एक हत्यार होतं. मधली वर्षं गाळायची असली की हा आवाज चाळीस सेकंदांत बारा वर्षांचा वनवास ओलांडू शकतो. एखादा फाटा सोडून मूळ धाग्यावर यायचं असेल तर तोच सांधा जोडतो. गाळण्याची सोय असली की भरणा करावा लागत नाही. शिवाय 'समय' कुणाच्या बाजूचा नाही. तो प्रश्न उभा करून निघून जाऊ शकतो.

२०१३ च्या मालिकेत हे विवेचनाचं काम बरंचसं श्रीकृष्णाकडे आलं. कल्पना वाईट नव्हती, सौरभ राज जैन यांचं बोलणं प्रसन्न होतं आणि अनेकांना तेच भाग सर्वांत आवडतात. पण कृष्ण हा कथेतला खेळाडू आहे. घटना घडल्यावर खेळाडूनेच तिचा अर्थ समजावून सांगितला की विषय मिटतो. द्यूतसभेत नेमका दोष कुणाचा, यावर १९८९ साली घराघरांत वाद झाले कारण मालिकेने उत्तर हातात दिलं नव्हतं. नितीश भारद्वाज मराठी रंगभूमीवरून आलेले, त्यांचा कृष्ण बोलण्याआधी थोडा थांबायचा, समोरच्याला चुकू द्यायचा. ते थांबणंही वेळेच्याच हिशोबात येतं. त्याला जागा ठेवणारं संकलन मागे होतं म्हणून ते दिसलं.

भाषेचंही तसंच. 'पिताश्री', 'भ्राताश्री' ही संबोधनं रझांनी त्या मालिकेतून अशी रुजवली की पुढे प्रत्येक पौराणिक मालिकेने ती उचलली. उचलताना लक्षात घेतलं नाही ते एवढंच की त्यांची बाकीची वाक्यं छोटी आणि बोलती होती, म्हणून ते एक भारी संबोधन शोभायचं. सगळंच वाक्य तत्सम शब्दांनी लादलं की नटाचा दम शब्द पेलण्यात जातो आणि अर्थाला वजन देता येत नाही.

आता चित्राकडे येतो, कारण 'एवढा पैसा ओतूनही' हा प्रश्नातला भाग इथे सुटतो. जुनं दूरदर्शन 'पाल' या प्रक्षेपण-पद्धतीचं: ६२५ ओळी, त्यातल्या ५७६ दिसणाऱ्या, चौकट ४:३. म्हणजे जवळजवळ चौकोनी. या चौकटीत दोन माणसं उभी केली की चौकट भरते. मागे एक खांब आणि एक पडदा दिसला की राजवाडा झाला. रंगाची बारीक नक्षी त्या सिग्नलमध्ये टिकायची नाही, कडांना रंग थोडा पसरायचा, त्यामुळे पुठ्ठ्याचा मुकुटही सोन्याचा वाटायचा. अरुंद चौकटीने गरिबी झाकली आणि नजर चेहऱ्यावर बांधून ठेवली. १६:९ च्या चौकटीत तीच दोन माणसं उभी केली की दोन्ही बाजूंना मोकळी जागा येते. तिथे काहीतरी ठेवावं लागतं: मशाली, दासी, ग्राफिक्सने वाढवलेले मजले. हाय डेफिनिशनमध्ये मिशीचा डिंक आणि विगची जाळीसुद्धा दिसते, म्हणून प्रकाश मऊ करायचा, त्वचा गुळगुळीत करायची. खर्च वाढतो तो ही जागा भरण्यात, आणि चेहऱ्याला मिळणारी पडद्यावरची जागा उलट कमी होते.

'जंगल बुक'चं प्रकरण वेगळं आहे आणि मला ते सर्वांत बोलकं वाटतं. आपल्याकडे १९९३ मध्ये दूरदर्शनवर आली ती मालिका मुळात जपानी. निप्पॉन ॲनिमेशनने ती १९८९-९० मध्ये केली, ५२ भागांची. पण भारतीय माणसाला 'जंगल बुक' म्हटल्यावर काय आठवतं? गुलजारांचे शब्द, विशाल भारद्वाजांची चाल, आणि शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज. यातलं एकही जपानी नाही. आपली आठवण चित्राच्या पट्टीवर नाहीच, ती इथे चढवलेल्या आवाजाच्या पट्टीवर आहे. २०१० च्या सुमारास हैदराबादच्या डीक्यू एंटरटेनमेंटने त्रिमितीय संगणक-ॲनिमेशनमध्ये नवी मालिका आणली. चित्र नवं आणि आवाजही नवा. जे आठवत होतं ते दोन्हीकडून गेलं. उलट २०१६ मध्ये डिस्नेचा चित्रपट हिंदीत आणताना जुनं गाणं नव्याने करून प्रसिद्धीसाठी वापरलं आणि शेरखानला पुन्हा नानांचाच आवाज दिला. ज्यांनी ते ठरवलं त्यांना कळलं होतं की आपला प्रेक्षक कुठल्या पट्टीवर बसलेला आहे.

इथे एक तांत्रिक गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्यावर कुणी बोलत नाही. त्या काळच्या जपानी टीव्ही-ॲनिमेशनमध्ये बोलणाऱ्या तोंडाची साधारण तीनच चित्रं असायची: मिटलेलं, अर्धं उघडं, पूर्ण उघडं. सेकंदाला २४ चौकटी, पण चित्र बहुधा दर तीन चौकटींनी बदलायचं, म्हणजे सेकंदाला आठ चित्रं. डबिंग लिहिणाऱ्याला ही पर्वणीच. वाक्य कधी सुरू होतं आणि कधी संपतं एवढं जुळलं की मधे हवी तशी हिंदी लिहा. म्हणून ती संवादरचना मुळातच हिंदीत लिहिल्यासारखी वाटायची. त्रिमितीय पात्रांना ओठांचे आठ-दहा किंवा त्याहून जास्त आकार दिलेले असतात. 'प', 'ब', 'म'ला ओठ मिटताना स्पष्ट दिसतात. मूळ इंग्रजीत जिथे ओठ मिटले तिथे हिंदीत ओष्ठ्य अक्षर हवं, नाहीतर आवाज तोंडाला चिकटत नाही. मग लेखक वाक्याचा क्रम फिरवतो, भरीचे 'मगर', 'बिल्कुल', 'मतलब' घालतो, आणि संवाद भाषांतरासारखा लागतो. चित्र सुधारलं त्याचीच ही किंमत. मराठीत डबिंग करणाऱ्यांनी तर हे आवर्जून लक्षात ठेवावं, कारण आपली क्रियापदं वाक्याच्या शेवटी येतात आणि 'आहे', 'होतं' उच्चारताना ओठ मिटतच नाहीत.

मग चांगला रीमेक होतच नाही का? होतो. 'डकटेल्स' ही डिस्नेची बदकांची कार्टून मालिका घ्या. मूळ मालिका १९८७ ची, आपल्याकडे हिंदीत दूरदर्शनवर दाखवली गेली. २०१७ मध्ये ती नव्याने केली. चित्रशैली पूर्ण बदलली आणि सुरुवातीला जुन्या चाहत्यांनी नाकं मुरडली. पण शीर्षकगीताचे शब्द आणि चाल त्यांनी तीच ठेवली, फक्त नव्याने गाऊन घेतली. साहसाचा ठेका तोच: बावीसेक मिनिटं, बहुतेक भागांत एक मोहीम पूर्ण. मग जिथे मूळ मालिका कच्ची होती तिथे हात घातला. जुन्या मालिकेत डोनाल्ड डकच्या तिन्ही भाच्यांना एकाच अभिनेत्रीचा, रसी टेलर यांचा आवाज होता, आणि टोपीच्या रंगावरूनच ते ओळखू यायचे. नव्यात तिघांना तीन वेगळे नट, तीन वेगळे स्वभाव, आणि 'आमची आई कुठे गेली' हा मूळ मालिकेने कधी नीट न विचारलेला प्रश्न. ठेका राखून उणीव भरली. बहुतेक रीमेक नेमकं याच्या उलट करतात: जे पक्कं होतं ते बदलतात आणि जे कच्चं होतं ते श्रद्धेने तसंच ठेवतात.

मूळ नट परत आणला की झालं, असाही एक समज आहे. 'करमचंद' ही दूरदर्शनची जुनी गुप्तहेर मालिका २००७ मध्ये परत आली तेव्हा पंकज कपूर होते, गाजरही होतं. पण त्याची मदतनीस किटी बदलली होती. ती मालिका दोघांमधल्या ताळमेळावर चालायची. करमचंद किती घाईत तोडतो आणि किटी किती उशिरा समजते, त्या फटीत सगळा विनोद. जोडीतला एक बदलला की फट बदलते, मग दुसरा कितीही मोठा नट असो.

आता वयाच्या परिणामाबद्दल, कारण तोही खोटा नाही. आठवड्यातून एकदा, तेही पुन्हा न दिसणारी मालिका आपण पाहिली. मेंदूने त्यातले उंच प्रसंग ठेवले आणि बाकीचं सोडून दिलं. 'महाभारता'चे युद्धाचे भाग आज सलग पाहा: आकाशात बाणाला बाण भिडतो, तेच रथ, तोच धुरळा, पुन्हा पुन्हा. आपण आठवणीत त्याचं उत्तम संकलन केलेलं आहे, आणि नवी मालिका त्या संकलित आठवणीशी लढते. ही लढाई तिला जिंकता येणार नाही. एकच वाहिनी, गल्लीत मोजके टीव्ही, दुसऱ्याच्या घरी सतरंजीवर बसून पाहणं, यांतलं काही कुणी पुन्हा उभं करू शकत नाही.

हा परिणाम किती, ते तपासायला दोन चांगली उदाहरणं आहेत. २०१३ चं 'महाभारत' इंडोनेशियात दाखवलं गेलं आणि प्रचंड गाजलं. अर्जुन झालेले शाहीर शेख तिथे घरोघरी पोहोचले. त्या प्रेक्षकांना महाभारताची कथा त्यांच्या छायानाट्यातून पिढ्यान्‌पिढ्या माहीत होती, पण आपल्या रविवारच्या आठवणी त्यांच्याकडे नव्हत्या. म्हणजे त्या मालिकेवरच्या आपल्या रागाचा काही भाग नक्कीच आपल्या आठवणींचा आहे. दुसरं उदाहरण उलट बाजूचं. २८ मार्च २०२० पासून, टाळेबंदीत, दूरदर्शनने रामानंद सागरांचं १९८७ चं 'रामायण' पुन्हा दाखवलं. १९८७ मध्ये जन्मलेलीही नव्हती अशी मुलं ते बघत बसली आणि दूरदर्शन त्या आठवड्यांत प्रेक्षकसंख्येत सगळ्यांच्या पुढे गेलं. सागरांच्याच निर्मितिसंस्थेने २००८ मध्ये एनडीटीव्ही इमॅजिनवर नवं 'रामायण' केलं होतं. ते चाललंही, पण टाळेबंदीत देशाने जुनंच मागितलं. यात केवळ वय नाही.

घरच्या घरी निवाडा करायचा असेल तर एक पद्धत सुचवतो. दोन्ही मालिकांतला एकच प्रसंग निवडा, द्यूतसभा सर्वांत सोयीची. दोन्हींतली तीन-तीन मिनिटं घ्या. पहिल्यांदा आवाज बंद करून पाहा आणि दर कटला कागदावर एक रेघ मारा. तीस रेघा म्हणजे सरासरी सहा सेकंदांचा शॉट, नव्वद म्हणजे दोन सेकंदांचा. नुसत्या जास्त कटांनी काही सिद्ध होत नाही, म्हणून दुसऱ्या फेरीत फक्त बोलत नसलेल्या चेहऱ्यांचे सेकंद मोजा. तीन मिनिटांतले साठ सेकंद, म्हणजे तिसरा हिस्सा, ओलांडला आणि त्या चेहऱ्यांवर काही नवीन घडत नसेल, तर ते भरणा समजा. तिसऱ्या फेरीत चित्राकडे पाठ करून फक्त ऐका. संगीत किती वेळा पूर्ण थांबतं? तीन मिनिटांत एकदाही थांबत नसेल तर नट काय करतोय यावर निर्मात्याचाच विश्वास नाही. चौथी फेरी सर्वांत महत्त्वाची: कथा मोजा. प्रसंगाच्या सुरुवातीला जे माहीत होतं त्यापेक्षा शेवटी कोणती नवी गोष्ट कळली ते एका ओळीत लिहून काढा. ओळ लिहिता आली नाही तर दोष मालिकेचा. चारही फेऱ्यांत नवी मालिका बरोबरीने उतरली आणि तरी मन लागत नसेल, तर ते आपल्या आठवणींचं आहे आणि त्यात मालिकेचा अपराध नाही. २०१३ च्या मालिकेतले काही प्रसंग या परीक्षेत जुन्याहून सरस ठरतात, विशेषतः द्रौपदीचे.

शेवटी एक व्यवहाराची बाब, कारण बऱ्याचदा लोक जुनी मालिका आजच्या टीव्हीवर लावतात आणि 'हीसुद्धा आता पहिल्यासारखी वाटत नाही' म्हणून खट्टू होतात. तिथे बिघाड टीव्हीच्या सेटिंगमध्ये असतो. ४:३ चं चित्र पडदा भरायला ताणलं तर माणसं तेहतीस टक्के रुंद होतात. झूम केलं तर वरून-खालून मिळून पाव चित्र कापलं जातं, मुकुट आणि पाय दोन्ही जातात. चित्राचं माप ४:३ किंवा 'ओरिजिनल' ठेवा, दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या राहू द्या. हालचाल मऊ करणारी सोय पूर्ण बंद करा. एलजीमध्ये ती ट्रूमोशन, सोनीत मोशनफ्लो, सॅमसंगमध्ये ऑटो मोशन प्लस किंवा पिक्चर क्लॅरिटी अशा नावांनी असते. ती मधल्या चौकटी स्वतः बनवते. जपानी ॲनिमेशनवर तर ती फारच वाईट दिसते, कारण सेकंदाला आठ चित्रांचा तो ठसकाच ती पुसून टाकते. शार्पनेस कमी करा, नॉइज रिडक्शन बंद करा. एकाच भागाच्या दोन प्रती मिळत असतील तर 'एआय'ने मोठी केलेली घेऊ नका. चेहरे मेणाचे होतात आणि कानातल्या डुलांना नसलेली नक्षी उगवते. आणि आवाज: जुनी पट्टी मोनो, म्हणजे एकेरी आवाजाची आहे. सराउंड किंवा 'सिनेमा' मोडमध्ये ती पोकळ, लांबून आल्यासारखी वाटते. आवाज 'स्टँडर्ड' वर ठेवा, म्हणजे भिमाणींचा 'समय' पुन्हा पडद्याच्या मधोमध येऊन बोलेल.